पगार द्यायचा पण नोकर म्हणायचं नाही: अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सगळा घोळ

प्रश्न निफाडच्या एका काकांचा आहे. त्यांचा भाचा ऑगस्टमध्ये कोलंबसला ओहायो स्टेटमध्ये एमएसला आला, आणि त्यानं घरी फोन करून सांगितलं की इथं कॉलेजच्या मॅचला लाखभर पब्लिक येतं, खेळणारी पोरं कोटींमध्ये पैसे घेतात आणि दरवर्षी कॉलेज बदलतात. काकांनी विचारलंय, ही पोरं विद्यार्थी आहेत की प्रोफेशनल, त्यांना कोणी अडवत कसं नाही, आणि शेवटी ह्याचा भुर्दंड आमच्या भाच्याच्या फीवर पडणार का.

आधी मी कोण ते सांगते. मी सीपीए आहे, ओहायोत गेली १७ वर्षं टॅक्सचं काम करते. २०२१ पर्यंत माझे क्लायंट म्हणजे आपले आयटीवाले, दोन-चार मोटेलवाले पटेल आणि काही डेंटिस्ट. त्यातल्या एका डेंटिस्टनं शेजारच्या बाईंच्या मुलाला माझ्याकडे पाठवलं, सव्वासहा फूट उंच, खुर्चीत मावत नव्हता, आणि त्याला कुणीतरी फुकट वापरायला ट्रक दिला होता त्याचाही टॅक्स लागतो हे ऐकून तो अक्षरशः हसायला लागला, त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तिथून एकाच्या तोंडून दुसऱ्याला असं करत करत आता दर सीझनला अशी तीसेक पोरं येतात. म्हणजे खेळातलं मला फार कळतं असं नाही, पण पैसे कुठून येतात आणि कुठं जातात ते रोज बघते.

काका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर ही पोरं पैसे प्रोफेशनलचे घेतात आणि कागदावर विद्यार्थीच असतात. आणि तुम्ही म्हणताय ती पळापळ, ती सगळी ह्या कागदावरच्या एका शब्दामुळे आहे. जरा मागे जावं लागेल.

१९५५ साली कोलोरॅडोत फोर्ट लुईस म्हणून एका छोट्या कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोनं कामगार नुकसानभरपाई मागितली, कारण नवरा स्कॉलरशिपवर खेळत होता म्हणजे कामच करत होता. १९५७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, सबब भरपाई नाही. त्याच काळात एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशपातळीवरची संस्था, तिचे प्रमुख वॉल्टर बायर्स ह्यांनी 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द रुळवला. खेळाडू म्हणायचं नाही, कर्मचारी तर अजिबात म्हणायचं नाही, कायम स्टुडंट-ॲथलीट. कारण एकदा कर्मचारी म्हटलं की भरपाई आली, पगार आला, युनियन आली. बायर्स पुढं रिटायर झाल्यावर स्वतःच ह्या व्यवस्थेवर तुटून पडले ही वेगळी गंमत.

आता 'धंद्यात नाही' म्हणणाऱ्यांचा धंदा बघा. १९८४ पर्यंत टीव्हीवर कुणाच्या किती मॅच दाखवायच्या ते एनसीएए ठरवायची, ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या युनिव्हर्सिटीनं केस केली आणि सुप्रीम कोर्टानं ते मोडून काढलं, त्यानंतर ज्याची त्याची टीव्ही डील. ओहायो स्टेट ज्या बिग टेन गटात आहे त्यांनी २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा करार केला तो ७०० कोटी डॉलर्सच्या वरचा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांमध्ये सर्वात जास्त पगाराचा सरकारी नोकर म्हणजे गव्हर्नर नाही, कुलगुरू नाही, सरकारी युनिव्हर्सिटीचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच असतो. आणि कोचला हाकललं तरी पैसे द्यावे लागतात, टेक्सस ए अँड एमनं २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा त्याचं देणं साडेसात कोटी डॉलर्सच्या वर होतं, काम न करण्याचे पैसे हो. पोरांना मात्र फी, खोली, जेवण, पुस्तकं, बस.

पैसे तेव्हाही दिले जायचेच पण टेबलाखालून. डॅलसच्या एसएमयू ह्या युनिव्हर्सिटीला १९८७ मध्ये पूर्ण सीझन बंद ठेवायची शिक्षा झाली ती पोरांचे हात ओले करत होते म्हणूनच. त्यामुळे 'पूर्वी खेळ शुद्ध होता, आता पैशानं नासला' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. पैसा होताच, फक्त खेळणाऱ्याच्या नावावर चेक निघत नव्हता.

बदललं कोर्टामुळे. तुम्ही निफाडचे म्हणजे तुम्हाला हे माझ्यापेक्षा पटकन कळेल. लासलगावला व्यापाऱ्यांनी रिंग केली, सगळ्यांनी आदल्या दिवशी बसून ठरवलं की कांद्याला अमुकच्या वर कुणी बोली लावायची नाही, तर शेतकरी काय करणार? अमेरिकेत अशा रिंगविरुद्ध अँटीट्रस्ट कायदा आहे. खेळाडूंच्या वकिलांचं म्हणणं अगदी हेच होतं की शेकडो कॉलेजं एकत्र बसून ठरवतात की खेळाडूला स्कॉलरशिपच्या वर छदाम द्यायचा नाही, मग ही रिंगच झाली ना. २१ जून २०२१ ला सुप्रीम कोर्टानं ऑल्स्टन केसमध्ये ९ विरुद्ध ० असा निकाल दिला. ती केस तशी छोट्या गोष्टीची होती, लॅपटॉप, इंटर्नशिप, अभ्यासासाठीचे पैसे वगैरे, पण जस्टिस कॅव्हानॉ ह्यांनी वेगळं मत लिहून सरळ सुनावलं की एनसीएए काही कायद्याच्या वर नाही. त्या मतानंतर एनसीएएच्या वकिलांची हवाच गेली. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्येच कायदा करून ठेवला होता, बाकीची राज्यं मागं लागली, आणि १ जुलै २०२१ पासून एनआयएल सुरू झालं, म्हणजे खेळाडूनं स्वतःचं नाव, फोटो, ओळख विकून पैसे कमवायला हरकत नाही.

कागदावर एनआयएल म्हणजे जाहिरात. पिझ्झाच्या दुकानाबरोबर रील करा, सह्या विका. प्रत्यक्षात काय झालं, प्रत्येक मोठ्या कॉलेजच्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी मंडळं काढली, त्यांना कलेक्टिव्ह म्हणतात, वर्गणी गोळा करायची आणि पोरांना द्यायची, आणि नावाला एखाद्या धर्मादाय कार्यक्रमाला हजेरी. आपल्याकडे गणेश मंडळाची पावती फाडतात तसंच, फक्त इथं पावती दहा लाख डॉलर्सचीही फाटते. टेक्सस टेकच्या मागं कोडी कॅम्पबेल म्हणून तेलवाला अब्जाधीश आहे, स्वतः तिथंच खेळलेला, आणि त्याच्या पैशावर उभी केलेली टीम २०२५ मध्ये बिग १२ ह्या त्यांच्या गटाची चॅम्पियन झाली.

आता दुसरा भाग, ट्रान्सफर. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर बसायची शिक्षा होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. पोर्टल म्हणजे फार काही नाही, एक लिस्ट आहे, पोरानं कॉलेजच्या ऑफिसला लेखी कळवलं की दोन वर्किंग डेजमध्ये त्याचं नाव त्यात टाकावंच लागतं आणि मग कुठलाही कोच त्याला फोन करू शकतो. २०२१ मध्ये एकदा बदलायला परवानगी मिळाली न बसता. मग ओहायो आणि आणखी काही राज्यांच्या सरकारी वकिलांनी केस केली, डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टानं स्टे दिला, आणि २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला, बसायचं नाही.

एनआयएल आणि मोकळं पोर्टल ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आल्या असत्या तर एवढं काही झालं नसतं. एकाच वेळी आल्या आणि मग बाजार फुटला. कोलंबसचंच उदाहरण देते. क्विन ईवर्स नावाचा टेक्ससचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीम चालवणारा मुख्य खेळाडू, एवढा नावाजलेला की हायस्कूलचं शेवटचं वर्ष सोडून ऑगस्ट २०२१ मध्ये ओहायो स्टेटला आला, सह्यांची १४ लाख डॉलर्सची डील अशी तेव्हा बातमी होती, पूर्ण सीझनमध्ये मैदानावर दोन प्ले खेळला, दोन्ही वेळा बॉल दुसऱ्याच्या हातात दिला, आणि डिसेंबरमध्ये टेक्ससला परत. पुढं तिथं चांगलाच खेळला, टीमला दोनदा सेमीफायनलला नेलं. १० जानेवारी २०२५ ची सेमीफायनल टेक्सस विरुद्ध ओहायो स्टेट, शेवटची दोन-तीन मिनिटं, टेक्ससला बरोबरी करायची संधी, आणि ईवर्सच्या हातातून बॉल उडवला जॅक सॉयरनं आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला. हा सॉयर म्हणजे कोलंबसमध्ये ईवर्सचा रूममेट. त्या रात्री आमच्या गल्लीत लोकांनी फटाके वाजवले, जानेवारीच्या थंडीत. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अडवत कोणी का नाही. इथंच सगळी मेख आहे.

एनएफएल, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉल, तिथं पण पोरांना पैसे मिळतात, पण तिथं ड्राफ्ट आहे, म्हणजे नवीन खेळाडू टीमनी आळीपाळीनं निवडायचे, टीमच्या खर्चाला मर्यादा आहे, करार चार वर्षांचा असेल तर मनात आलं म्हणून उठून जाता येत नाही. हे सगळं खरं तर रिंगच आहे, पण कायद्यात बसतं, का, तर खेळाडूंची युनियन आहे आणि तिनं मालकांबरोबर बसून ह्या अटी मान्य केल्यात. दोघांनी मिळून केलेल्या अशा करारावर अँटीट्रस्ट लागत नाही. कॉलेजांना अशी युनियन नकोच होती. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या पोरांनी युनियनसाठी मतदान केलं होतं, २०१५ मध्ये लेबर बोर्डानं, म्हणजे युनियनचे वाद बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, आम्ही ह्यात पडत नाही म्हणून हात झटकले आणि मतं न मोजताच विषय संपला, तेव्हा कॉलेजवाले खूश होते. आता बघा, कर्मचारी नाहीत म्हणून युनियन नाही, युनियन नाही म्हणून करार नाही, करार नाही म्हणून एनसीएएनं कुठलाही नियम केला, बदलीवर, पैशावर, खेळायच्या वर्षांवर, की पोरगा वकील घेऊन कोर्टात जातो आणि अनेकदा जिंकून येतो. व्हँडरबिल्टचा डिएगो पावियाचंच बघा, ज्युनियर कॉलेजची वर्षं मोजू नका म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टातून आदेश आणला आणि पुढच्या वर्षी हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या बक्षिसाच्या, मतदानात दुसरा आला. भरपाई द्यावी लागू नये म्हणून जो शब्द ७० वर्षं कवटाळला तोच आता गळ्यात अडकलाय. स्वतःच विणलेल्या जाळ्यात कोळी अडकावा तसं.

माझ्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक पोरगा आणि त्याची आई आली. कॉलेज, राज्य, नाव काही सांगत नाही. चार वर्षांत तिसरं कॉलेज. आईनं झिपलॉकच्या मोठ्या पिशवीत कागद आणलेले, त्यात पार्किंगच्या पावत्यासुद्धा. जानेवारी ते मे एका राज्यात, तिथं स्टेट टॅक्स नाही, जून ते डिसेंबर दुसऱ्या राज्यात, तिथं स्टेट टॅक्स आहे आणि वर सिटी टॅक्स पण, ओहायोत तर माहितीच असेल तुम्हाला, नसेल तर भाच्याला विचारा, कोलंबस शहर स्वतःचे अडीच टक्के वेगळे घेतं. पोराला मिळालेले १०९९ फॉर्म चार. १०९९ म्हणजे कंपनीनं टॅक्स कापलेला नाही, तुमचं तुम्ही भरा, आणि बहुतेक वेळा नेहमीच्या इन्कम टॅक्सच्या वर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, कारण नोकरदाराचा अर्धा भाग एरवी मालक भरतो आणि ह्याला मालकच नाही. बघा परत तोच शब्द आडवा आला. दर तीन महिन्यांनी आगाऊ भरायचा असतो, त्यानं एकदाही भरला नव्हता.

मी विचारलं, पैसे किती शिल्लक आहेत. त्यानं फोन काढला आणि बँकेचं ॲप उघडून टेबलावर माझ्याकडे सरकवला, तोंडानं काही बोलला नाही. आई खिडकीबाहेर बघत होती. वर्षभरात दोन लाखांच्या वर डॉलर्स आले होते आणि खात्यात अकरा हजार. आजीच्या घराचं छप्पर, धाकट्या बहिणीची फी, एक गाडी, आणि एजंट. एजंटनं वीस टक्के घेतलेले. एनएफएलमध्ये युनियननं एजंटला तीन टक्क्यांची कमाल मर्यादा घातलीये, कॉलेजमध्ये अशी मर्यादा घालणारं कोणीच नाही, कुणीही उठतो आणि मी एजंट म्हणतो, चुलते, हायस्कूलचे कोच, जिमवाला. आणि पहिल्या कॉलेजच्या कलेक्टिव्हबरोबरच्या कागदात एक कलम होतं की वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर काही पैसे परत. त्यानं ते वाचलंच नव्हतं. आम्ही आयआरएसबरोबर, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याबरोबर, हप्ते बांधून घेतले, अजून फेडतोय तो. हप्त्याची तारीख जवळ आली की मला अंगठ्याचा इमोजी पाठवतो, म्हणजे भरले.

मोठ्या नावांचं पण थोड्याफार फरकानं हेच, फक्त शून्यं जास्त. टेनेसीचा निको इयामालेयावा, हायस्कूलमध्ये असतानाच ऐंशी लाख डॉलर्सच्या आसपासची डील अशा बातम्या, २०२४ मध्ये टीमला प्लेऑफमध्ये नेलं, एप्रिल २०२५ मध्ये पैसे वाढवून मागायची बोलणी फिसकटली म्हणतात, तो प्रॅक्टिसला आला नाही आणि कोचनं दुसऱ्या दिवशी सांगितलं की पुढं जायचं. तो गेला घराजवळ, यूसीएलएला. आता टेनेसीत स्टेट इन्कम टॅक्स शून्य आणि कॅलिफोर्नियात सगळ्यात वरचा दर १३.३ टक्के, त्यामुळे ती बातमी वाचताना माझ्यासारखीच्या डोळ्यासमोर आधी तेच येतं. यूसीएलएचा क्वार्टरबॅक होता जोई अगिलार, तो नुकताच ॲपलाचियन स्टेटमधून आलेला, एकही मॅच न खेळता त्याला जागा गेल्याचं कळलं आणि तो गेला कुठं, टेनेसीला. सरळ अदलाबदल. यूसीएलए त्या सीझनला ३ जिंकली ९ हरली आणि कोच सप्टेंबरमध्येच घरी गेला. आणि पोरंच बेइमान असंही नाही हं. युएनएलव्हीचा मॅथ्यू स्लूका सप्टेंबर २०२४ मध्ये तीन मॅच जिंकून टीम सोडून गेला, त्याचं म्हणणं एक लाख डॉलर्स द्यायचं तोंडी कबूल केलेलं ते दिलं नाही, कॉलेजनं म्हटलं असं काही ठरलंच नव्हतं. तोंडी! आपल्याकडे म्हशीचा व्यवहार पण रुमालाखाली बोटं धरून का होईना, दोघांना कळेल असा होतो.

मग जून २०२५ मध्ये हाऊस केसची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर टाकलेल्या केसची, तडजोड मंजूर झाली, कॅलिफोर्नियाच्या जज क्लॉडिया विल्कन ह्यांच्या सहीनं. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २८० कोटी डॉलर्स नुकसानभरपाई, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजनं स्वतःच्या खिशातून थेट पोरांना पैसे द्यायला परवानगी, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला दोन कोटी पाच लाख डॉलर्स, दरवर्षी थोडी वाढत जाणारी. रुपयात पावणेदोनशे कोटींच्या आसपास. आयपीएल २०२५ च्या मेगा ऑक्शनला एका टीमची पर्स होती १२० कोटी, म्हणजे अंदाज येईल. बऱ्याच मोठ्या कॉलेजांत ह्यातला पाऊण हिस्सा एकट्या फुटबॉलला जातो, बास्केटबॉलच्या मुलांना पंधराएक टक्के, आणि उरलेल्यात सगळ्या मुली आणि बाकीचे सगळे. शिक्षणात मुला-मुलींना समान वागणूक द्यायचा १९७२ चा कायदा आहे, त्यात हे कसं बसतं ह्यावर कोर्टात भांडण चालूच आहे.

बाहेरच्या डीलवर पण लक्ष ठेवायचं ठरलं, ६०० डॉलर्सच्या वरची प्रत्येक डील एका पोर्टलवर टाकायची, डेलॉइटनं बनवलंय ते, आणि ती खरी जाहिरात आहे की पगारच जाहिरातीचा सदरा घालून आलाय हे तपासायचं. मी अशा डील भरून दिल्यात. माझं प्रामाणिक मत, वीस वर्षाच्या पोराच्या एका रीलची खरी बाजारकिंमत किती हे ठरवायला बसणं म्हणजे हवेची पुडी बांधणं. आणि मर्यादा घातली तरी दार पुन्हा उघडंच, कारण ही मर्यादा पण युनियनशी बोलून ठरलेली नाही. ड्यूकचा क्वार्टरबॅक डेरियन मेन्सा, टुलेनहून दोन वर्षांच्या करारावर आलेला, एक वर्ष खेळून टीमला त्यांच्या गटाचं विजेतेपद मिळवून दिलं आणि जानेवारी २०२६ मध्ये निघाला मायामीला. ड्यूकनं केस टाकली, आठवड्याभरात आपसात मिटलं, पोरगा मायामीला गेला. म्हणजे करार आता कोर्टापर्यंत तरी जायला लागलेत, तेवढीच प्रगती.

एक मात्र कबूल करायला पाहिजे, खेळ मजेदार झालाय. इंडियाना युनिव्हर्सिटी, आमच्या शेजारचं राज्य, मॅच हरण्यासाठीच प्रसिद्ध, वर्षानुवर्षं चेष्टा झालेली टीम. २०२३ च्या शेवटी तिथं कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले, आधीच्या जेम्स मॅडिसनमधली बरीच पोरं बरोबर घेऊन आले, मग कॅल-बर्कलीहून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आला ज्याला हायस्कूलमधून निघताना मोठ्या कॉलेजांनी जवळपास विचारलंच नव्हतं, त्यानं २०२५ ची हाइझमन घेतली आणि १९ जानेवारी २०२६ ला मायामीला त्यांच्याच शहरात हरवून टीम १६ पैकी १६ जिंकून चॅम्पियन. जुन्या पद्धतीत हे पन्नास वर्षांत झालं नसतं, कारण तेव्हा चांगली पोरं अलाबामा, ओहायो स्टेट, जॉर्जिया साठवून ठेवायची, तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक पण हिरा असायचा आणि बसून गंजायचा. आता तो बसत नाही. माझा नवरा हाडाचा ओहायो स्टेटवाला, डिसेंबरमध्ये गटाच्या फायनलला इंडियानाकडून १३-१० हरल्यावर दोन दिवस जेवणाच्या टेबलावर शब्द नाही.

मार खाल्ला कुणी ते बातम्यांत कमी येतं. पहिला मार वॉक-ऑन पोरांना, म्हणजे स्कॉलरशिप नाही, पैसे नाहीत, फक्त हौसेनं टीमबरोबर राबणारी. तडजोडीत टीमची मर्यादा १०५ झाली आणि अशी बरीच पोरं रातोरात जादा ठरली. स्टेटसन बेनेट असाच वॉक-ऑन म्हणून जॉर्जियात आलेला आणि लागोपाठ दोन वेळा चॅम्पियन करून गेला, तसा पुढचा बेनेट आता दारातच अडकेल. दुसरा मार छोट्या खेळांना. अमेरिकेचे ऑलिंपिकमधले पोहणारे, पळणारे कॉलेजातूनच येतात आणि त्यांचा खर्च फुटबॉलच्या पैशातून निघतो. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीनं मार्च २०२५ मध्ये पोहण्याची टीम बंद करायचं जाहीर केलं आणि कारणांमध्ये हाऊसची तडजोडच सांगितली. आणि तिसरा मार पोर्टलमध्येच अडकलेल्यांना. २०२६ पासून पोर्टलमध्ये नाव टाकायची मुदत वर्षातून एकच, २ ते १६ जानेवारी, हजारो पोरं उडी मारतात आणि जागा तेवढ्या नसतात, जुन्या कॉलेजला आता स्कॉलरशिप चालू ठेवायचं बंधन नसतं, तेलही गेलं तूपही गेलं. असा एक जण मला माहितीये, सध्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजचे क्लास करतो. डिग्रीला तीस क्रेडिट कमी पडतात, कारण प्रत्येक बदलीत काही विषय नवीन कॉलेजनं धरलेच नाहीत.

आता फी. मोठ्या टीव्ही डीलवाल्या कॉलेजांत पैसे मुख्यतः टीव्ही, तिकिटं आणि देणगीदारांकडून येतात, ट्यूशनमधून नाही, त्यामुळे भाच्याच्या एमएसच्या फीत फुटबॉलपायी उडी येईल असं मला वाटत नाही. चिमटा तिकिटावर बसतो, टेनेसीनं तर २०२५ च्या सीझन तिकिटांवर दहा टक्के 'टॅलेंट फी' सरळ नाव देऊनच लावली. छोट्या कॉलेजांचं वेगळं आहे, तिथं टीव्हीचे पैसे नाहीत आणि विद्यार्थ्याच्या बिलात ॲथलेटिक्स फी म्हणून वेगळी ओळ असते, वर्षाला शेकड्यांत, कधी हजारावर पण. ओळखीतलं दुसरं कुणी छोट्या कॉलेजात येत असेल तर ॲडमिशनच्या आधी बिलातली ती ओळ बघायला सांगा.

आणि एक भाच्यासाठी, हे माझ्या कामातलं म्हणून आवर्जून. ह्या सगळ्या पैशात परदेशी पोरं जवळपास नाहीतच. इथल्या टीममध्ये बॉल लाथाडणारे पंटर बरेच ऑस्ट्रेलियाचे असतात, मेलबर्नला त्यांची खास ट्रेनिंगची शाळा आहे, आणि ते असतात विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर, तुमच्या भाच्यासारखेच. शेजारच्या लॉकरवाला पाच लाख डॉलर्स घेतो आणि ह्यांना पिझ्झावाल्याच्या रीलचे दोनशे डॉलर्स पण घ्यायची भीती, कारण इमिग्रेशननं ते काम धरलं तर व्हिसाच धोक्यात. काही जण मायदेशी सुट्टीत जाऊन तिथं शूटिंग करतात, तेही वकिलाला विचारून. तेव्हा भाच्याला कुणी इन्स्टावर आमच्या रेस्टॉरंटचं प्रमोशन कर, रोख देतो म्हणालं तर नको म्हणायचं, कॅम्पसवरची आठवड्याला वीस तासांची नोकरी करायची आणि मॅचचं स्टुडंट तिकीट काढायचं. मिशिगनविरुद्धची मिळाली तर नोव्हेंबरचा शेवट असतो, थर्मल दोन घालायला सांगा, एकात भागत नाही.